चौदा बाटल्या आणि उकड्या तांदळाची पेज

खसखशीचा एक दाणा तळहातावर घेऊन बघा. हरणावरची गोचीड पोरवयात असते ती एवढीच. मला चावली तेव्हा जूनचा पहिला आठवडा होता आणि मी न्यू जर्सीतल्या आमच्या घरामागे अळूच्या वाफ्यातला पालापाचोळा काढत होतो. हाफ पँट, पायात स्लीपर. दोडामार्गच्या माणसाला गोचीड काय शिकवायची? पण आमच्याकडची गोचीड म्हशीच्या कानात रक्त पिऊन वाटाण्याएवढी फुगलेली, चार हातांवरून दिसणारी. ही मला शेवटपर्यंत दिसलीच नाही.

आठ-दहा दिवसांनी उजव्या गुडघ्याच्या मागे एक डाग उठला. लाइम म्हणजे या गोचिडीच्या चाव्यातून येणारा जंतूचा आजार. लाइम म्हटलं की पुस्तकात गोऱ्या पायावरचं लालभडक, नेमबाजीच्या फळ्यासारखं वर्तुळ दाखवतात. माझ्या सावळ्या कातडीवर तो काळसर जांभळा दिसत होता, कुठेतरी आपटल्यासारखा. ताप, अंगदुखी होतीच. जवळच्या एका दवाखान्यात गेलो, तिथे त्वचेचा संसर्ग म्हणून सेफॅलेक्सिन हे अँटिबायोटिक दिलं. डाग हळूहळू गेला, मीही विषय सोडला. तो डाग औषधाशिवायही आपोआप जातो आणि लाइमच्या जंतूवर सेफॅलेक्सिन काही करत नाही, या दोन्ही गोष्टी मला फार उशिरा कळल्या.

सप्टेंबरात तोच गुडघा शहाळ्यासारखा सुजला. गंमत म्हणजे फारसा दुखत नव्हता, नुसता पाण्याने भरलेला. आमच्या नेहमीच्या डॉक्टरीणबाईंनी मात्र पहिलाच प्रश्न विचारला, "उन्हाळ्यात बागकाम केलंत का?" रक्ताच्या दोन पायऱ्यांच्या तपासण्या झाल्या. दुसऱ्या तपासणीत दहापैकी पाच पट्ट्या उमटल्या तरी लाइम धरतात, माझ्या सात उमटल्या. कनेक्टिकटमधल्या लाइम गावात १९७५ च्या सुमारास पॉली मरे नावाच्या एका आईने गावातल्या इतक्या मुलांचे गुडघे एकदम का सुजतात म्हणून पिच्छा पुरवला, त्यातून हा आजार नावारूपाला आला. म्हणजे गुडघा ही या आजाराची जुनीच खूण. मला अठ्ठावीस दिवसांचं डॉक्सीसायक्लिन हे अँटिबायोटिक मिळालं, शंभर मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा.

गावी आईला फोन केला. तिचा पहिला प्रश्न, "माकडताप न्हय मां तो, झिला?" २०१६ पासून आमच्या तालुक्यात माकडताप हा शब्द शेंबड्या पोरालाही माहीत आहे. काजूच्या हंगामात बागेत जाताना हातापायाला तेल चोळून जायचं, ते सरकारी माणसं घरोघर वाटत. तोही गोचिडीनेच येतो, पण तो विषाणू. माझा जंतू वेगळा, आणि त्याच्यावर औषध आहे, हे तिला समजावेपर्यंत अर्धा तास गेला. सगळं ऐकून ती म्हणाली, "पेज जेव. पोटाक सोसतली."

मी ऐकलं नाही. म्हणजे पेज जेवलो नाही, नाचणीची आंबील घेतली. डॉक्सीने पोट ढवळतं म्हणून रिकाम्या पोटी नको, एवढं बाटलीवर वाचलं होतं. सकाळी वाटीभर नाचणीची आंबील दुधात, त्याच्याबरोबर डॉक्सी, त्याच घोटाबरोबर लोहवाली मल्टिव्हिटॅमिन. मग छातीत जळजळलं की अँटासिडच्या दोन चघळायच्या गोळ्या. माझ्या मते मी आजारी माणसाने खावं तसं अगदी शहाण्यासारखं खात होतो.

दहाव्या दिवशी अँटासिडची नवी बाटली घ्यायला गेलो तेव्हा औषधाच्या दुकानातल्या बाईंनी काउंटरवर कोपर टेकवून विचारलं, "ही गोळी डॉक्सीनंतर किती वेळाने घेता?" मी म्हटलं, लगेच. त्यांनी एक कागद ओढला आणि माझा सगळा दिवस त्यावर लिहून घेतला. कॅल्शियम, लोह, मॅग्नेशियम, झिंक यांपैकी काहीही डॉक्सीला पोटातच धरून ठेवतं, मग ती रक्तात पुरती उतरत नाही. दुधाचा फटका जुन्या टेट्रासायक्लिनइतका डॉक्सीला बसत नाही, पण लोहाच्या आणि अँटासिडच्या गोळीचा चांगलाच बसतो. चघळायची ती अँटासिड म्हणजे निव्वळ कॅल्शियम. नाचणीतसुद्धा शंभर ग्रॅममागे साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम, आणि वर दूध. म्हणजे दहा दिवस मी गोळी घेत होतो आणि तिच्या पायात बेडी घालून आत सोडत होतो. डॉक्टरीणबाईंना कळवलं, त्यांनी औषधाचे दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजले.

मग वेळापत्रक बसलं. सकाळी सातला पोहे किंवा उपमा, त्याच्यावर डॉक्सी आणि पेलाभर पाणी. अर्धा पेला नाही, भरलेला, आणि त्यानंतर तासभर आडवं व्हायचं नाही. हा नियम मी एका रात्री मोडला. गोळी गिळून तसाच पांघरुणात शिरलो आणि पहाटे छातीच्या मधोमध कोणी निखारा ठेवल्यासारखं झालं. पुढचे तीन दिवस भाताचा घाससुद्धा टोचत उतरत होता. दुपारी एकला जेवणात दही किंवा ताक. अँटिबायोटिकने जुलाब लागू नयेत म्हणून दही खायचंच होतं, फक्त गोळीपासून लांब. दोनला लोहाची गोळी. संध्याकाळी सातला पुन्हा डॉक्सी, भात-आमटीवर. दूध हवंच तर रात्री दहाला. लाइमचा आहार म्हणून कोणी मला विचारलं तर मी आधी हे घड्याळ दाखवतो. काय खाल्लं यापेक्षा केव्हा खाल्लं, यावर तो महिना चालला.

मधेच एक विनोदी प्रकरण झालं. बायकोने कुठेतरी वाचलं की गोचीड चावल्यावर मटणाची ॲलर्जी होते. तिचा चेहरा गंभीर, माझा त्याहून. हे खरं आहे, पण ती गोचीड दुसरी, लोन स्टार नावाची, मादीच्या पाठीवर पांढरा ठिपका असलेली. तिच्या चावण्यानंतर काही जणांना मटण खाल्ल्यावर दोन ते सहा तासांनी अंगावर गांध्या उठतात, क्वचित जीवावरही बेततं. ती आमच्या राज्यातही सापडते, पण लाइम पसरवत नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारपूस केली, मला तसं कधी काही झालं नव्हतं. त्या रविवारी मटण शिजलं.

गुडघा ऑक्टोबरअखेर उतरला. खरी गोष्ट तिथून पुढची आहे.

कारण मी उतरलो नाही. थकवा जाईना. दुपारी चारला मीटिंगमध्ये साधा शब्द आठवेना, तळपायांना मुंग्या, रात्री पायात गोळे. उपचारानंतर पाच ते दहा टक्के लोकांना असा त्रास महिनोन् महिने राहतो, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, आणि अशा वेळी अँटिबायोटिक वाढवून फायदा होत नाही हेही. "वेळ द्या," म्हणाल्या. वेळ द्या हे औषध कोणाला आवडतं? आमच्या मंडळातल्या एका वहिनींनी लाइमवर 'मुळापासून' उपचार करणाऱ्या एकांचा नंबर दिला. वहिनींच्या मनात वाईट काही नव्हतं. पहिल्या भेटीचे पैसे विम्यात बसत नव्हते, तेव्हाच थांबायला हवं होतं.

तिथून दोन गोष्टी घेऊन आलो. एक यादी आणि एक खोका. यादीत वर्ज्य पदार्थ: साखर, गहू, दूध, भात, बटाटा, टोमॅटो, वांगं, मिरची. मालवणी माणसाच्या ताटातून भात आणि मिरची काढली की खाली ताटच उरतं. लोहाचे पदार्थही नकोत, जंतूला खाद्य मिळतं म्हणे. हा जंतू लोहावाचून भागवणाऱ्या मोजक्या जिवांपैकी एक आहे, तो मँगनीजवर काम चालवतो, हे मला नंतर वाचनात सापडलं. साखरेबद्दलही हेच, गोड सोडलं की जंतू उपाशी मरेल. पुढे डॉक्टरीणबाई यावर म्हणाल्या, "रक्तातली साखर शून्यावर आणली तर जंतूच्या आधी तुम्ही जाल."

आणि मी जवळजवळ निघालोच होतो. मला बारा वर्षांपासून मधुमेह आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू. भात-पोळी बंद केली, पण गोळ्या तेवढ्याच ठेवल्या. एका दुपारी ऑफिसच्या पार्किंगमध्ये हात लटलटायला लागले, घाम फुटला. साखर निघाली ५८. गाडीत लेकीचा विसरलेला ज्यूसचा डबा होता म्हणून निभावलं. त्या रात्री ती मला म्हणाली, "बाबा, तुम्ही आजारी दिसता." तेव्हा मी सहा किलो उतरलो होतो आणि मंडळात सगळे म्हणत होते, वा, छान बारीक झालात.

खोक्यात चौदा बाटल्या होत्या. तपकिरी काचेच्या, सुंदर लेबलांच्या. जपानी नॉटवीड, कॅट्स क्लॉ, काळ्या मिऱ्याचा अर्क घातलेलं कुर्क्युमिन, लसणाचं तेल, मिल्क थिसल, झिंक, मॅग्नेशियम, बी कॉम्प्लेक्स, नसांसाठी म्हणून आणखी एक बी कॉम्प्लेक्स, केसांसाठी बायोटिन, कारण माझे केस गळायला लागले होते. बाकीच्यांची नावं आता आठवत नाहीत. महिन्याला सहाशे चाळीस डॉलर. स्वयंपाकघराच्या ओट्यावर त्यांची रांग लागली की बायको म्हणायची, "अहो, ही आरास कशाची? गणपती कधी बसवताय?"

लसणाच्या तेलाबद्दल मी पूर्ण वेडा नव्हतो. जॉन्स हॉपकिन्सच्या प्रयोगशाळेत काही तेलं आणि वनस्पतींचे अर्क या जंतूला मारतात असं दिसलंय, ते मी वाचलं होतं. मी फक्त एक शब्द वाचायचा राहिलो होतो, तो म्हणजे परीक्षानळीत. परीक्षानळीत ब्लीचनेही जंतू मरतो.

जानेवारीत मधुमेहाच्या नेहमीच्या तपासणीत एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढतो तो आकडा, आला २१२. साधारण चाळीसच्या आत असायला हवा. डॉक्टरीणबाईंचा फोन दुसऱ्याच दिवशी. "घरात जे जे गिळता ते सगळं पिशवीत भरून आणा. काढा, चूर्ण, सगळं." मी दोन पिशव्या नेल्या. त्यांनी टेबलावर चौदा बाटल्या मांडल्या, चष्मा कपाळावर सरकवून प्रत्येक लेबलची पाठ वाचली. पुढचं लेबल त्यांनी एकाचंही वाचलं नाही. हे मी त्यांच्याकडून शिकलो.

कुर्क्युमिनची बाटली त्यांनी वेगळी काढली. मी म्हटलं, हळदच तर आहे, आम्ही लहानपणापासून खातो. त्या म्हणाल्या, किती खाता? हळदीच्या गोळ्यांनी यकृताला इजा झालेल्या दहा रुग्णांची नोंद २०२२ मध्ये इथल्याच डॉक्टरांनी छापली होती, आणि मिऱ्याचा अर्क ते कुर्क्युमिन रक्तात कित्येक पटींनी जास्त उतरवतो, म्हणूनच तो घातलेला असतो. घरी आल्यावर बायकोने हिशोब मांडला. हळदीत कुर्क्युमिन साधारण तीन टक्के. माझ्या रोजच्या गोळ्यांत दीड ग्रॅम. म्हणजे पन्नास ग्रॅम हळद. तिने वजनकाट्यावर वाटी ठेवली आणि सांगलीची हळद ओतत गेली, ओतत गेली. अर्ध्या वाटीच्या वर गेली तेव्हा काटा पन्नासवर आला. "हे रोज?" ती म्हणाली. आमच्या घरात एवढी हळद चौघांना दोन आठवडे पुरते.

दोन बी कॉम्प्लेक्सचं कोडं तर आणखी भारी. दोन्हींत बी-६ होतं, मिळून दिवसाला दीडशे मिलिग्रॅम. गरज असते दीड-पावणेदोन मिलिग्रॅमची. बी-६ फार झालं की नसांना इजा होते आणि हातापायांना मुंग्या येतात. ज्या मुंग्यांसाठी मी ती गोळी घेत होतो त्याच. बायोटिनने तर तपासणीच बिघडवली. माझा थायरॉइडचा रिपोर्ट वेडावाकडा आला होता, बायोटिन थांबवून पुन्हा तपासला तर व्यवस्थित.

मग त्यांनी विचारलं ते इतक्या महिन्यांत कोणीच विचारलं नव्हतं. "तुमचं बी-१२ शेवटचं कधी तपासलं?" आकडा आला १६२. दोनशेच्या खाली म्हणजे कमतरता. ड जीवनसत्त्व १४. वीसच्या खाली कमी. बारा वर्षांचं मेटफॉर्मिन बी-१२ शोषू देत नाही, ॲसिडिटीची रोजची गोळी त्यात भर घालते, आणि मासे म्हणाल तर लग्नाआधी मी रोज खाणारा माणूस आता महिन्यातून दोनदा खात होतो. थकवा, मुंग्या, शब्द न आठवणं, सगळं बी-१२ च्या कमतरतेतही होतं. लाइमचं नाव एकदा कपाळावर लिहिलं गेलं की पुढचं प्रत्येक दुखणं त्याच्याच खात्यावर जमा करतो आपण. किती मुंग्या लाइमच्या, किती बी-१२ च्या आणि किती माझ्या स्वतःच्या बाटलीच्या, हे डॉक्टरीणबाईंना सांगता येईना. त्या तसं म्हणाल्याही, आणि माझा त्यांच्यावरचा विश्वास त्या वाक्याने वाढला.

चौदाच्या दोन बाटल्या झाल्या. बी-१२ रोज हजार मायक्रोग्रॅम. ड जीवनसत्त्व आठ आठवडे आठवड्याला पन्नास हजार युनिट, नंतर रोज दोन हजार. दोन्ही साधी, दुकानातली, यूएसपी या औषधांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेचा शिक्का असलेली. त्या शिक्क्याचा अर्थ एवढाच की लेबलवर लिहिलंय तेच आत आहे. तेवढंही गृहीत धरता येत नाही. इथल्या १९९४ च्या कायद्याप्रमाणे सप्लिमेंट विकण्याआधी एफडीएची, म्हणजे सरकारच्या अन्न-औषध खात्याची, मंजुरी लागतच नाही. पायात गोळे यायचे त्यासाठी मॅग्नेशियम थोडे दिवस ठेवलं, पण पोट इतकं सैल झालं की मीच बंद केलं.

आणि यादी फाडली. भात परत आला, मोजून. आईची पेज परत आली. गावचा उकडा तांदूळ इंडियन ग्रोसरीत मिळतो, पण लाल दाण्याचा नाही, तरी चालतो. सकाळी उठवत नसे तेव्हा रात्रीच कुकरला लावून ठेवलेली पेज, त्यात मीठ, बाजूला भाजलेली सुकट आणि लोणच्याची फोड. ढवळणाऱ्या पोटाला त्याहून बरं काही मला मिळालं नाही, आणि साखरेचंही म्हणाल तर पेज नुसती न पिता सुकट किंवा अंडं बरोबर असलं की आकडा आटोक्यात राही. गुडघ्याच्या वरचा स्नायू दोन महिन्यांत इतका सुकला होता की पँटचा एक पाय ढगळ दिसायचा. फिजिओथेरपीवाल्या मुलाने सांगितलं, व्यायाम माझा, प्रथिनं तुमची. मग कुळथाची पिठी आठवड्यातून तीनदा, रोज दोन अंडी, आणि बांगडा. इथला बांगडा आपल्यापेक्षा तेलकट, पण तिरफळं घालून आमटी केली की ओळख पटते. बी-१२ साठी तर बांगडा सोन्यासारखा. डब्यातल्या तारल्याही चालतात. ऑफिसात उघडू नका एवढंच, माझ्याबद्दल एचआरकडे तक्रार गेली होती.

ग्लिमेपिराइडची मात्रा कमी झाली. एएलटी दहा आठवड्यांत ३८ वर आला. मुंग्या मे महिन्यापर्यंत बोटांच्या टोकाशी आल्या आणि एके दिवशी लक्षात आलं की दोन-तीन आठवडे त्यांची आठवणच झाली नाही. थकवा पूर्ण गेलाय असं म्हणणार नाही. दुपारी चारला अजून कधीकधी डोळ्यांसमोर धुकं येतं. त्या दिवशी जेवण चुकलेलं असतं किंवा रात्री झोप, निदान मी तसं शोधत बसतो.

वहिनींना मी हे सगळं सांगितलं. त्यांना राग आला. त्यांच्या बहिणीला त्याच बाटल्यांनी बरं वाटलं होतं. असेल. मी वाद घातला नाही, फक्त विचारलं, बी-१२ तपासलं होतं का तिचं? त्या म्हणाल्या, विचारते.

अळूचा वाफा या वर्षीही लावला. आता फुल पँट, पायमोज्यांत खोचलेली, बुटांवर परमेथ्रिन या कीटकनाशकाचा फवारा, आणि आत आल्याबरोबर आंघोळ. गुडघ्यामागची, काखेतली, बेंबीतली जागा बोटांनी चाचपायची, डोळ्यांवर भरवसा ठेवायचा नाही. आई व्हिडिओ कॉलवर विचारते, "बघितलंस मां नीट?" मी म्हणतो, बघितलं.

तपकिरी बाटल्या बायकोने उकळत्या पाण्यात घालून धुतल्या. काच चांगली आहे, म्हणाली. गावाहून आलेली तिरफळं आता त्यांत ठेवलीयत, आणि एकीवरचं 'लिव्हर सपोर्ट' लेबल काही केल्या निघत नाही.